मोटारहोडीचं गिऱ्हाईक

—न्हाय, न्हाय, दस्तगीरचाचा, तुमी उठू नका. इंजिन दोनदा बघून झालंय माझं. ही तिसरी खेप. परांड्याकडनं निघायचं, दोन मोटारी बदलायच्या, धूळ खात नळदुर्गाला यायचं, अन् किल्ल्याच्या पान्यात बघायचं काय, तर ही साहेबाची मोटारहोडी. गावात हासतात मला. म्हनतात, बलभीम कोळ्याचं डोस्कं फिरलं. तीन पिढ्या सीनेवर नाव वल्हवतोय आमी, अन् आता पन्नाशी उलटल्यावर ह्याला इंजिन पायजे. हासू द्या. तुमीबी मनात हासला असाल — न्हाय? बरं, न्हाय तर न्हाय.

मोगलाई बुडाली तसे तिचे हे साहेब हैदराबादेला गेले अन् विका म्हनून हिला तुमच्या गळ्यात टाकून गेले. वरीस होत आलं. गिऱ्हाईक न्हाय. कसं यावं? साहेबाची म्हनून लोक हिच्यात बसायला तयार न्हाईत, काठावरनं जाताना थुंकतात. परवा मोटारीत एकजन म्हनला, ती होडी न्हाय, कोंबड्यांचं खुराडं हाय, वर चिमनी लावलेलं. सोलापूरचा शेठ इंजिन काढून पिठाच्या गिरणीला लावतो म्हनला, तर तुमीच दिलं न्हाय. बरं केलं. नाव मोडून खाऊ नये — ते असो.

आता व्यवहाराचं बोलू. आमची सीना कसली? चार म्हैने पानी, आठ म्हैने वाळू. हिचं बूड हे एवढं खोल, पहिल्याच उथळ्याला रुतंल. पेट्रोल करमाळ्याहून डब्यानं आनायचं, मिळालं तर. अन् उतारू कोन? बाजाराच्या दिवशी शेळ्या, कडबा, एखादी अडलेली बाई. ह्या पालिश केलेल्या बाकाला शेळी बांधायची? आतल्या आरशात तिनं तोंड बघायचं? म्हंजे समदं न्हायच हाय. कुनीबी शाना मानूस न्हायच म्हनंल. मग हा बलभीम तीनदा कशाला आला — हेच इचारताय न्हवं? तोंडानं न्हाय, पन डोळ्यानं इचारताय.

हा खांदा बघा. वर जात न्हाय. वल्हं मारून मारून गेला. मागच्या वर्सी श्रावणात किती खेपा केल्या, गिनती न्हाय. आमच्या बाजूला मोगलाई, पलीकडं हिंदुस्थानची हद्द, अन् नदी दुथडी भरलेली. रझाकारांच्या भ्यानं मानसं नुसती पळत होती — पोरं, गाठोडी, म्हातारी पाठीवर. एकालाबी न्हाय म्हनलो न्हाय म्या. गोपाळकृष्ण मास्तरांची बायको पलीकडं उतरली अन् तिथंच चिखलात वाकून माझ्या वल्ह्याला नमस्कार केला तिनं. लोक म्हनले, बलभीम म्हंजे देवमानूस. म्याबी ऐकून घेतलं. चांगलंच वाटतं की ऐकायला.

मग भादव्यात हिंदुस्थानची फौज आली. अन् मग — तुमाला काय सांगायचं, तुमी तर हितंच होता — मग पळनारी मानसं बदलली.

नबीलाल आला. बांगड्यावाला. माझ्या थोरलीच्या लग्नात चुडा त्यानंच भरला होता, एकबी बांगडी पिचली न्हाय. बायको, म्हातारी आई, दोन पोरी. दिवस मावळायला आला होता, पन उजेड होता अजून, चांगला उजेड. एका खेपेचं काम. म्हनला, बलभीमदादा, तेवढं पलीकडं सोड. म्या म्हनलं, हात भरून आलेत माझे. सकाळी या. तो म्हनला, सकाळपत्तूर कुटं थांबू? तवा ती म्हातारी म्हनली, बाळा, वल्ही आमी मारतो, तू नुसता वाट दाव. म्या नाव खुंट्याला बांधली. सकाळी या म्हनलं.

सकाळी गेलो. फटफटताच गेलो, खरंच गेलो. काठावर कुनी न्हाय. काय न्हाय. म्या लई इचारलं, चाचा. सोलापुरात बांगड्यांच्या गल्लीत दोनदा जाऊन आलो. कुनी म्हनतं, नदीच्या कडंनं वर गेले. गावातल्या मानसांना इचारलं की ती ढोरं हाकायला उठतात.

तवापासनं डोस्क्यात एकच. इंजिन असतं तर. इंजिनाचे हात भरून येत न्हाईत. परवा तुमी ही चालू करून दावली, ते धडधडणं ऐकलं, अन् तुमाला सांगतो, वरसात पयल्यांदा छातीवरचं वझं उतरलं. वाटलं, बस्स, घ्यायची. वाळूत रुतू दे, कुनी न बसू दे, पन पुन्हा कुनी काठावर आलं तर बलभीमला कारण नको—

व्हय. कारणच म्हनलो म्या.

थांबा जरा. हात भरून आले होते, खोटं न्हाय. पन त्याच दुपारी पाटलाच्या दोन म्हशी आनल्या की म्या पलीकडनं. तवा आले न्हवते भरून. काठावर आमच्या गावची पाच-सहा मानसं हुभी होती. माझी भावकी. दगड न्हाय, काठी न्हाय, नुसती बघत होती, बलभीम आता काय करतोय ते. अन् नबीलाल फिरल्यावर म्या त्यांच्यातच जाऊन बसलो. त्यांनी चा दिला. प्यालो. गूळ जास्त झालाय म्हनून हासलो पन.

इंजिन असतं तर म्हनलो असतो, पेट्रोल न्हाय. पेट्रोल असतं तर म्हनलो असतो, पान्याला लई वढ हाय. ह्या होडीचा काय उपेग, चाचा? दहा इंजिनं लावली तरी खुंट्याची दोरी मानसालाच सोडावी लागती. न्हाय घेत म्या. तुमची तीन दिसांची तकलीफ फुकट गेली, माफ करा.

चाचा? तोंड का फिरवलंत? नबीलाल तुमच्या नात्यातला न्हवता... न्हाय, व्हय, नात्यातला कशाला लागतोय. काय तरी बोला. शिव्या द्या वाटलं तर. आईवरनं द्या.

बरं. शेवटची मोटार चुकंल. येतो म्या.

...येतो म्हनलं, चाचा.

न्हाय. बरुबर हाय. तुमी कशाला ‘या’ म्हनाल.