बंदुकीचा चष्मा

—नाही, हसू नका रोशनभाऊ, मी खरंच असं समजून आले होते. बंगळुरूला इंजिनिअरिंग शिकताना मैत्रिणींना छाती फुगवून सांगायचे — माझ्या अब्बांचं, जलालुद्दीन मिस्त्रींचं, ब्रह्मपुरीत बंदूक दुरुस्तीचं परवान्याचं दुकान आहे, तिथे जुन्या जुन्या रायफली येतात, मी परत जाऊन त्या जपणार — लाकूड, लोखंड, शिक्के, सगळं जसंच्या तसं. आणि सापडलं काय? एकीच्या दस्त्यावर रेडियमचा वाघ. दुसरीला मोटरसायकलची ग्रिप. आणि तिसरी ही तुमची — महायुद्धातली थ्री-नॉट-थ्री, आजोबांपासून चालत आलेला परवाना, आणि सोबत ऑनलाइन मागवलेल्या दुर्बिणीचं खोकं. 'हे बसवून दे हिच्या डोक्यावर, रूहीबेटा.' जसा काही नवरदेवाला फेटा!

बसा, बसा. रायफल रिकामी आहे, पाहिलंय मी. चहा? नको? बरं. तर दुर्बीण काऊन पाहिजे — अब्बांना तुम्ही सांगितलं, रानडुकरं उन्हाळी धान तुडवतात, वनखात्याची परवानगी आहे. खरं आहे, कागद पाहिला मी. पण तो कागद तुम्ही हातभर लांब धरून वाचत होतात, आणि त्याआधी दारामागे टांगलेल्या अब्बांच्या कोटाला 'सलाम, जलालभाई' म्हणालात! कोटाला! मी हसू गिळलं. चष्मा लावला तर लोक म्हातारा म्हणतील — नाही का? म्हणून चष्मा बंदुकीला.

तरी काम घेतलं मी. का घेतलं? आवडलं म्हणून — खोटं कशाला बोलू. जुन्या पोलादाला भोक पाडायचं नाही, एकदा पाडलं की ती रायफल पुन्हा तशी होत नाही — म्हणून दुर्बिणीसाठी चिमट्यासारखी धरून बसणारी बैठक बनवली, कानशीनं घासून घासून. दुर्बीण उंच बसली, गाल लाकडाला टेकेना, हनुवटी हवेत — मग दस्त्यावर चामड्याची गादी शिवली. अब्बांनी बोट फिरवून पाहिलं, म्हणाले, 'मशीन का काम लगता है.' अब्बांच्या तोंडून एवढं! मी हवेतच.

आणि काल पहाटे दुर्बीण काढून घेतली — नुसती दुर्बीण, रायफल नाही, कायदा मलाही कळतो — आणि स्कुटीनं तुमच्या शेतावर गेले. अंधुक उजेडात कसं दिसतं ते पाहायला. बांधावर आडवी झाले. पलीकडे मोहाची झाडं. आणि दिसलं — तपकिरी पाठ, डोकं खाली, उकरत उकरत पुढे सरकणारं. डुक्कर. शंकाच नाही. काय सुंदर दिसत होतं हो! दुर्बिणीतली नेमाची केसाएवढी बारीक फुली, बरोब्बर खांद्यामागे. माझ्या हातात चाप नव्हता, रोशनभाऊ — तरी बोट वळलं. वळलं, आणि मला — आनंद झाला. झाला ना. वाटलं, काय काम केलंय आपण!

मग डुकरानं कंबरेवर हात ठेवला, सरळ उभं झालं आणि ओरडलं, 'कोन आहे वं थ्या बांधावर? उठ, साप-गिप राह्यते!' इतवारीबाई. तुमचेच धान रोवायला येते ना, तीच. चादर पांघरून मोहफुलं वेचून राह्यली होती. 'काय पाहून राह्यली वं दुर्बिणीतून?' मी म्हटलं, पाखरं. पाखरं म्हटलं मी! तिनं ओंजळभर मोहफुलं दिली मले, खाय म्हणे.

तुम्ही म्हणाल, मी नीट पाहूनच मारीन. मीही नीटच पाहिलं होतं! माझे डोळे पंचवीस वर्षांचे. दुर्बिणीत मोठं दिसतं, पण त्याच्या बाजूचं काहीच दिसत नाही — टोपली दिसली नाही, पलीकडच्या झाडाखाली तिची सून दिव्या वेचत होती, तीही नाही. आणि तुमचं शेत तर बायांच्या वाटेवरच — नाही, आता मी बोलतेय.

काल अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, 'ग्राहक को ना नहीं बोलते, बेटा. रोशनभाऊ गेले तर त्यांच्यामागे अर्धा बाजार जाईल.' जाऊ द्या. आज सकाळी मी बैठक उतरवली, गादीचे टाके उसवले. बैठक ऐरणीवर ठेवली आणि अब्बांच्या देखत हातोड्यानं चपटी केली. ती पाहा, तिकडे पडलीय. माझ्या हातची सगळ्यात सुबक वस्तू. अब्बा तेव्हाच दुकान माझ्यावर टाकून आत निघून गेले — म्हणून तर तुमच्यासमोर मी.

दुसरीकडे बसवून घ्याल? घ्या की. नागपूर काही लांब नाही. पण मी आता इतवारीबाईच्या गावात चाललेय. सांगणार आहे — पाखरं नव्हती बाई, तू होतीस. मोह वेचणाऱ्या सगळ्या बायांना सांगणार, कोणत्या बांधावरून, कोणाच्या दुर्बिणीतून. तुमचं नाव घेऊन. आणि माझंही — हो, माझंही.

ही रायफल, हे खोकं. निघा आता.