मर्सीचे हात

हॅलो? … हो नेल, मीच, लोइस. … अगं, नगरकचेरीतून आत्ता येतेय, अंगातला कोटही काढला नाहीये. … सापडलं. … नाही, उड्या मारू नकोस. आधी बस. … ते चाऊडर सूप करपलं तर करपू दे, बस म्हणते ना!

ऐक. मंडळाचा तो वंशावळीचा फॉर्म गेला चुलीत. … माहितीये, शनिवारच्या जेवणाला ती 'वसाहतीच्या लेकी'वाली पिन लावून मिरवायचंय तुला. … हो, हो… अगं ऐक ना! आपण शोधत होतो ती मर्सी, आडनाव ओकली. सतराशे बाराचा जन्म. तेव्हाच्या पाद्रीबाबांची वही आहे तिथे, तिच्याबद्दल लिहिलंय. … चांगलं नाही गं. … चाळिशीत तिचे हात आपोआप नाचायला लागले. वाडगा हातात टिकेना. चालताना झोकांड्या. गाव म्हणालं, अंगात सैतान शिरला. … हो. आईसारखंच. … आई पीत नव्हती, नेल. आपण दोघी लाजेनं दहा पावलं मागून चालायचो, आणि ती बिचारी थेंबालाही शिवली नव्हती.

… रडू नकोस. … मलाही तेच वाटलं, की ही मर्सी आपली नव्हेच! मर्सीची लेक पेशन्स दोन वर्षांची होऊन गेली, तिच्या थडग्याचा दगड पाहिला ना आपण? पंखवाल्या कवटीचा, बर्फ झाडून नाव वाचलं तो? म्हटलं, सुटलो! आपल्या वंशातली पेशन्स दुसऱ्याच कुणाची तरी. कचेरीतल्या बाईला मिठी मारायचीच बाकी होती. … मग तिनं पान उलटलं. … अगं, मूल गेलं की पुढच्याला तेच नाव द्यायचे ना आपले लोक! आणि आपण वेड्या, एका दगडावर विसंबलो. दीड वर्षानं पुन्हा बाप्तिस्मा. आईबाप तेच. नाव पेशन्स. … हो, आपली. लग्न करून चॅटमला गेलेली. … तिचेही हात तसेच नाचायचे. तिच्या लेकीचेही. तिथून सरळ खाली, आजी, मग आई.

… डॉक्टरांना केला होता फोन, गाडीतूनच. रक्ताची तपासणी असते म्हणे. … आईचं दुखणं लेकरात उतरायची निम्मी शक्यता. तुला निम्मी, मला निम्मी. … मला काय माहीत, नेल! भीती वाटतेय गं मला. सिग्नलला थांबले की हातांकडेच बघत होते. … नाही, माझे ठीक आहेत. … शपथ. तुझे…

कसला आवाज झाला? … कप? … ओला होता म्हणून निसटला. बरं. … नेल. खरं सांग. या आठवड्यात कितवा?

… नेल? … काचा वेचतेयस का? …

नको, काचा उचलू नकोस. हात लावू नकोस कशाला. … नाही, काही करू नकोस, नुसती बसून राहा. मी निघाले. कोट अंगातच आहे.