बाहेरून कडी घातल्याबाबत

नाव: दोन्ही लिहून घेतली; चालू नाव वर, जुनं कंसात. वय: ३४ (आईच्या म्हणण्याप्रमाणे ३५, शाळेत घालताना वडिलांनी एक कमी सांगितलं). काम: लॉन्ड्रीत इस्त्री. राहणार: घरमालकिणीच्या घराची वरची खोली, मागच्या जिन्याने.

मी स्वतः हजर राहून सांगते, की वरील पत्त्यावर मी चार वर्षं एकटी राहते. जन्माच्या दाखल्यावर मी मुलगा आहे. गावी दोनदा मार खाल्ल्यावर सहा वर्षांपूर्वी देश सोडला. इथे राहायची परवानगी मिळाली आहे, कागद जोडला आहे. इथला पत्ता फक्त आईला कळवला होता, दोन वर्षांपूर्वी, पत्राने. त्याच पत्रात माझ्याबद्दलही सगळं लिहिलं होतं. उत्तर आलं नाही.

खोली घेतानाच मी घरमालकिणीला सगळं सांगून बजावलं होतं, की जुन्या नावाने कोणी मला शोधत आलं तर सरळ पोलिसांना फोन करायचा.

आज दुपारी तीनच्या सुमारास मी चादरींना इस्त्री करत असताना तिचा फोन आला. "लगेच ये. एक म्हातारी तुझं जुनं नाव घेत आलीये. 'माझा मुलगा इथे राहतो' म्हणते. पळून जाऊ नये म्हणून तुझ्याच खोलीत बसवली आणि बाहेरून कडी घातली. पोलीस निघालेत."

मी पोचले तेव्हा जिन्यात दोन पोलीस आणि हातात झाडू घेतलेली घरमालकीण उभी होती. दार उघडलं. आत आई होती. तिने तोवर माझं कपाट उपसून पुन्हा लावलं होतं आणि पडदे धुवायला काढले होते. पोलिसांना म्हणाली, "पाय पुसून आत या."

ही माझी आई आहे आणि पत्रातून तिला सगळं कळवलं आहे, असं मी सांगितलं. "मग 'मुलगा' कशाला म्हणालात?" असं घरमालकिणीने तिला विचारलं. आई म्हणाली, "तुम्हाला माहीत नसतं आणि माझ्या तोंडून कळलं असतं, तर हिला खोली सोडावी लागली असती." घरमालकिणीने झाडू खाली ठेवला आणि चहा टाकला.

नातं पटवायला आम्हाला ठाण्यात आणलं. आईच्या कागदांवर एक मुलगा, माझ्या कागदावर स्त्री. साहेबांनी आईला खूण विचारली. ती म्हणाली, "डाव्या गुडघ्याला टाके आहेत. आठव्या वर्षी सायकलवरून पडली." लिहून घेणाऱ्यांनी विचारलं, "पडला की पडली?" आई म्हणाली, "पडली. तेव्हा मला माहीत नव्हतं, एवढंच." गुडघा पाहण्यात आला. चार टाके आढळले.

पत्राला उत्तर का दिलं नाही, हे मी तिला साहेबांसमोरच विचारलं. ती म्हणाली, "किती कागद फाडले, मोजले नाहीत. पहिल्याच ओळीत हात 'कसा आहेस' लिहायचा. म्हटलं, जाऊन तोंडानेच विचारावं. चुकलं तर लगेच सुधारता येतं."

मग तिने विचारलं. एकदा चुकली, दुसऱ्यांदा बरोबर म्हणाली. जबाब दहा मिनिटं थांबवण्यात आला.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. घरमालकिणीने कडी माझ्याच सांगण्यामुळे घातली. मी फार वाळले आहे, अशी आईची तक्रार आहे. ती या ठाण्यात नोंदवता येत नाही, असं तिला समजावलं. तिला ते पटलेलं नाही.

लिहिलेलं मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच आहे. खाली माझी सही आहे. शेजारची सही आईची आहे. तिची गरज नव्हती.