कनेक्टरचा मध्य

(मखमलाबादजवळचा मळा. दिवस मावळतोय. ओट्यावर सासू कलाबाई झेंडूचे हार करतेय. सून भाग्यश्री अंबडच्या कंपनीतून नुकतीच आलीय. बाळ राज तिच्या मांडीवर झोपलाय.)

कलाबाई : पण त्या मशिनला दिसत नाय का, कुठं काय बसवायचं ते?

भाग्यश्री : कॅमेरा आहे हो, पण जागा आपणच सांगायची. सर्किटच्या बोर्डावर बारीक बारीक पार्ट बसतात, मोहरीएवढे. प्रत्येकाचा मध्य कुठे येतो ते भरायचं. कोपऱ्यापासून आडवं किती, उभं किती. मग मशिन उचलतं नि बरोबर तिथे ठेवतं. तुम्ही फुलात सुई कुठे घालता?

कलाबाई : मधोमध. नायतर फूल लोंबतं.

भाग्यश्री : आज माझा कनेक्टर लोंबला. विहिरीची मोटर मोबाइलवरून चालू करतात ना, त्या स्टार्टरचे बोर्ड होते. वायर लावायचा लांबडा पार्ट, अर्धा बोर्डाच्या बाहेर! नशीब, चाचणीचा बोर्ड होता, पार्ट नुसते चिकटपट्टीवर ठेवलेले. माल वाया नाही गेला.

कलाबाई : आन् तेवढ्यासाठी फोन करून रडलीस व्हय?

भाग्यश्री : तेवढ्यासाठी नाही. बाळंतपणानंतर आजच मशिनवर परत बसले. ज्ञानेश सर सगळ्यांसमोर म्हणाले, "जमत नसेल तर उद्यापासून पॅकिंगला बसा." मला वाटलं, संपलं. घरी राहून सगळं विसरले मी.

कलाबाई : त्या ज्ञानेशला म्हणावं, आधी बाळंत होऊन दाखव.

भाग्यश्री : आई! हळू. उठेल हा.

कलाबाई : नाय उठत. दमलंय पोरगं. म्हणं नोकरी सोडते, आत्ता येते, राजला घेते!

भाग्यश्री : आणि तुम्ही काय म्हणालात? "पोरगं गाढ झोपलंय. सुटी झाल्याबिगर घरी यायचं नाय." खाडकन फोन ठेवलात. इतका राग आला तुमचा!

कलाबाई : येऊ दे की. मग?

भाग्यश्री : मग तोंड धुतलं नि बसले परत. बघते तर बाकीचे सगळे पार्ट जागच्या जागी. चुकला तो एकटा कनेक्टर. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या फाइलमध्ये त्याची जागा मध्याची नव्हतीच, टोकाच्या पहिल्या पिनची होती. मीही न तपासता तशीच भरली. मध्य मोजून भरला, नि बसला की हो गुमान!

कलाबाई : आन् तुझे सर?

भाग्यश्री : म्हणाले, "उद्या मशिनवर वेळेत या."

कलाबाई : देव पावला बाई.

भाग्यश्री : देव कशाला, तुम्ही पावलात. तुम्ही "ये" म्हणाला असतात ना, तर मी आलेच असते. आणि परत कधी गेले नसते. खरंच, आई, फार उपकार झाले तुमचे.

कलाबाई : घरातल्या घरात कसले गं उपकार! तो दोरा दे इकडं... भाग्यश्री, एक सांगू?

भाग्यश्री : सांगा ना.

कलाबाई : झोपला नव्हता तो. लय रडत होता. दूध तोंडात घेईना. त्याला खांद्यावर टाकला आन् फोनला पदर लावून बोलले तुझ्याशी. तुला ऐकू जाऊ नये म्हणून.

भाग्यश्री : येत होतं ऐकू.

कलाबाई : आं? आन् तरी उठून आली नाहीस?

भाग्यश्री : तुमच्यापाशी होता ना.