प्रतीकच्या कपाळावरचा 'अ'

...आणि वर मलाच विचारतात, विठूभाऊ, त्याला पोट कशाला काढलंत? अहो, चार पिढ्या आमची गणपती घडवायची शाळा, मिसरूड फुटायच्या आधीपासून या हातांनी एकच देह घडवलाय, हाताला पोटाशिवाय माणूस येतच नाही त्याला मी काय करू? तुम्हाला सांगतो, सोंड काढली नाही हेच उपकार समजा.

झालं काय, वैशाखात एक मुलगी आली मुंबईहून, मनस्विनी नावाची, भयमालिका बनवते म्हणे, मोबाइलवर बघतात त्या. आली ती थेट शाळेत, चपला बाहेर काढल्या, तेवढं वळण चांगलं, आणि म्हणते, "काका, मला एक गोलेम हवाय." मला ऐकू आलं गुलाम. म्हटलं, बाई, मला इथे माती मळायला माणूस मिळत नाही, तुला गुलाम कुठून देऊ? "गुलाम नाही हो काका, गोलेम. ज्यू लोकांची जुनी गोष्ट आहे. मातीचा माणूस करायचा, कपाळावर शब्द लिहिला की तो जिवंत होतो, सांगाल ते काम करतो, लोकांची राखण करतो." म्हटलं, म्हणजे राखणदार, तो आमच्या प्रत्येक वाडीला आहे, वर्षाचा नारळ दिला की विषय संपला. "नाही ना काका, हा पुढे ऐकेनासा होतो. मग त्याला पुसायचा." आता मला सांगा, हा देव म्हणायचा की भूत?

तिलाच विचारलं. म्हणते, "दोन्ही नाही. तो प्रतीक आहे." मी म्हटलं, अरे वा, नावपण ठेवून झालं? ती हसत सुटली. "तसं नाही काका, माणसाने स्वतः घडवलं आणि त्याच्याच हाताबाहेर गेलं, त्याचं प्रतीक. हल्ली कितीतरी मालिकांत असतो तो. कुठे यंत्राचं प्रतीक, कुठे सूडाचं, कुठे आपल्याच भीतीचं." एकटा मातीचा माणूस आणि एवढी खाती सांभाळतो... मग मला आठवलं, म्हटलं, थांब, ही गोष्ट मी ऐकलीय. पार्वतीने अंगाच्या मळाचा मुलगा केला, दारावर राखणीला बसवला, आणि तो खुद्द महादेवाला आत सोडेना. तोच का तुझा प्रतीक? तर तिने ते वहीत लिहून घेतलं. शंका माझी, लिहून घेतलं तिने, उत्तर कुणीच दिलं नाही!

तर शाडू मळली, काथ्या घातला, पुरुषभर उंचीचा बाप्या उभा केला. बघते आणि म्हणते, "काका, हा भीती नाही दाखवत, आशीर्वाद देतोय." बघतो तर खरंच की, उजवा हात आपोआप वर गेलेला. हात खाली घेतला, मूठ वळली, तर माझी बायको सावित्री चहा घेऊन आली ती म्हणते, "अवो, मूठ सैल झालीय, मोदक दिलात की बेस बसंल." डोळे वटारलेले काढायला गेलो तर मायाळू आले. मी तर ओशाळलो. पण मनस्विनी म्हणाली, "राहू दे, मायाळू दिसणाऱ्याचीच जास्त भीती वाटते." हे तिचं वाक्य मात्र मला पटलं, माझे एक काका होते तसे.

राहता राहिला कपाळावरचा शब्द. त्यांच्या मूळ भाषेत म्हणे 'सत्य' असं लिहितात, आणि मारायचा झाला की पहिलं अक्षर पुसतात, की उरतं 'मेला'. मराठीत जमेना. 'सत्य'तला 'स' पुसला तर उरतं 'त्य', त्याने कोण मरणार? ती बिचारी कपाळाला हात लावून बसलेली आणि माझी जीभ कुठली गप्प बसते, पटकन म्हटलं, 'अमृत' लिही, 'अ' पुसलास की 'मृत'. पोरगी उठून पाया पडली हो माझ्या. मीच लिहिलं, गेरूने, ठसठशीत. तेव्हा काय ठाऊक, तो 'अ' माझ्याच नरड्याशी येणार आहे.

आरे-वारेच्या किनाऱ्यावर शूटिंग झालं, आणि टेम्पो प्रतीकला परत माझ्याच दारात उतरवून गेला. "काका, दुसऱ्या भागाला लागेल, मोडू नका." बाई, मोडणार कसा? नाकडोळे काढलेली माती आम्ही मोडत नाही, विसर्जन करतो. विसर्जन करायचं तर आधी पूजा हवी, आणि पूजा करायची तर कळायला नको का, हा देव म्हणायचा की भूत?

तोवर श्रावण सरत आला. आमच्याकडची रीत अशी, ज्याला गणपती हवा त्याने घरचा पाट शाळेत आणून द्यायचा, मूर्ती त्याच पाटावर घडते. आणि पहिला पाट आप्पांचा, माझ्या आज्यापासूनचा मान. बागायतदार माणूस, आळीत शब्द चालतो. आप्पांचा पाट आला की मागोमाग आळी येते, आणि आप्पांचा गेला की... समजा, शाळेला कुलूप. चतुर्थीला दहा-बारा दिवस, सगळे गणपती रंगाला आलेले, आणि आप्पा आले बघायला. बघतात तर त्यांच्या गणपतीच्या मागे प्रतीक उभा. "विठू, हा कोण रे?" सांगितलं. "मालिकेतलं भूत गणपतीच्या शाळेत ठेवतोस? सांजेपर्यंत याचं काय ते कर, नाहीतर माझा पाट मोकळा करून दे."

खरं सांगतो, बापाने मरताना माझ्या हातात दुसरं काही ठेवलं नाही, ही शाळा ठेवली. विचार केला, ज्याची गोष्ट त्याचीच रीत बरी. 'अ' पुसला की हा मेला, मेला की नुसती माती, मातीला आप्पा कशाला घाबरतील? ओला फडका घेतला आणि 'अ' पुसला. जरा वाईट वाटलं हो, इतक्या दिवसांचा सहवास. सावित्री दारातच उभी. वाचलं तिने. म्हणते, "मृत. म्हंजे ह्यो गेला?" म्हटलं, गेला. "मग सुतक कोनाला?"

मी म्हटलं, काय?

"घडवलात तुमी, म्हंजे बाप तुमी. आता धा दिवस गनपतीला हात कसा लावायचा?"

मातीचं सुतक नसतं म्हणावं, तर समोर सगळे देव मातीचेच बसलेले! तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला कळलं, हाताबाहेर जाणं म्हणजे काय. धावत जाऊन गेरू आणला आणि 'अ' परत काढायला घेतला, तोच मागून सांजेला परत आलेल्या आप्पांचा आवाज, "काय चाललंय?" मी खरं ते सांगून टाकलं, म्हटलं, आप्पा, सुतक फिटतंय का बघतो. मेलेला जिवंत केला.

आप्पा पुढे आले. चष्मा वर केला. कपाळ वाचलं, "अ-मृ-त." मग मूठ बघितली. मग पोट बघितलं. मी मनात पाट मोजायला लागलो. आणि म्हणतात, "विठू, या मुठीत बाटली बसेल काय रे?"

अहो, त्यांच्या घरचा अमृत कोकमचा स्टॉल आहे आरे-वारेच्या रस्त्याला! दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून नेला. पाट राहिला, शाळा राहिली. प्रतीक आता तिथे पत्र्याखाली उभा असतो, मुठीत बाटली, डोळे मायाळू, पर्यटक खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. मनस्विनीला फोन करून सांगितलं, तर म्हणते, "काका, आता तो बाजाराचं प्रतीक झाला."

आणि या वर्षी काय सांगू... अजून वैशाख लागला नाही, आप्पांचा पाटसुद्धा यायचा आहे, आणि शाळेत दोन पाट येऊन पडलेत. एक लांज्याहून, एक गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याचा. गणपतीसाठी नव्हेत, प्रतीकसाठी. मी विचारलं, बाबांनो, घेताय खरे, पण एवढं सांगा, हा देव म्हणायचा की भूत?

म्हणाले, "तुम्ही काय ते म्हणा विठूभाऊ, फक्त तो 'अ' तेवढा ऑइलपेंटने लिहा."