टेकडीवरच्या कॅमेऱ्याला सुतळीने बांधल्याबाबत

नाव: गादीवाली. सगळे तेच म्हणतात, तेच लिहा. वय: पन्नाशीच्या आत. धंदा: गाद्या शिवणे. शिक्षण: दुसरी. राहणार: टेकडीखालचं शेवटचं घर.

मी स्वतः ठाण्यात येऊन सांगते की, आमच्या घरामागच्या टेकडीवर पिक्चरवाल्या बाईंनी तीन पायांचं मशीन उभं केलं होतं. त्यावरचा कॅमेरा आपोआप फिरतो. कधी खाली बघतो, कधी आभाळात, कधी उलटा होतो. बाई म्हणाल्या, "मावशी, तो इकडे वळला की घरात जायचं. मला नुसती जमीन पाहिजे, माणूस नको." त्यामुळे मी माझ्याच अंगणात लपाछपी खेळत होते. उन्हात घातलेला कापूससुद्धा उचलायला लावला.

मी विचारलं, "याला फिरवतं कोण?" बाई म्हणाल्या, "कोणी नाही. कुठे बघायचं ते त्याचं तोच ठरवतो." मी म्हटलं, "असला एक माझ्या घरात होता."

माझा नवरा गेल्या आठवड्यात दोरा आणायला म्हणून टेकडीपलीकडे गेला. पिशवीत दाढीचं सामान नेलं. दोऱ्याला दाढीचं सामान लागत नाही.

काल सकाळी मी कॅमेऱ्याचं तोंड टेकडीपलीकडून येणाऱ्या पायवाटेकडे केलं आणि गादीला टाके घालायच्या सुतळीने आवळून बांधलं. शिवताना माझी मान खाली असते, वाटेकडे बघायला होत नाही. कॅमेरा रिकामाच उभा होता. वळता येईना म्हणून दिवसभर कण्हत होता, तेव्हा दुपारी त्याच्या मानेखाली उशी दिली. संध्याकाळी मशीनमधून धूर आला. तो मी काढला नाही, त्याचा तो आला. चित्र मात्र चालूच राहिलं.

बाईंची तक्रार खरी आहे. सुतळी माझी, गाठही माझी.

ठाण्यात ते चित्र लावलं. पायवाट दिसते. एक कुत्रं येतं, बसतं, जातं. साहेबांसकट सगळे बघत राहिले, चहा गार झाला. हवालदार म्हणाले, "आता येईल बघा कोणीतरी." बाई म्हणाल्या, "मी हे पुसून टाकते, मला उद्या नव्याने सुरू करायचंय." मी म्हटलं, "आधी संपू दे."

नवरा हरवल्याची तक्रार देता का, असं साहेबांनी विचारलं. नको. त्याला वाट माहीत आहे.

लिहिलेलं मला मोठ्याने ऐकवलं, मी बोलले तसंच आहे. ऐकवताना हवालदारांनी चित्र थांबवलं होतं, ते आता पुन्हा सुरू करावं. सही केली आहे. दुपारनंतरचं बघायचं राहिलंय, तोवर मी बाकावरच बसते.