फळीवरचं गाणं

(जामखेडच्या पूर्वेला, वस्तीवरच्या घराची ओसरी. उन्हाळ्यातली दुपार. झुंबरबाई, तिचा मुलगा कल्याण आणि कल्याणची मुलगी धनश्री. तिघांच्या मधे मोबाईल.)

झुंबरबाई : परत लाव.

धनश्री : आजी, पाचव्यांदा?

झुंबरबाई : लाव तर. ती बाई मधीच काय म्हनती ते आईकायचंय... हां. हे बघ. 'जाय गं जाय.' आईकलंस? हे त्यांच्या भाषेतलं न्हाई.

धनश्री : नाही, बाकी सगळं त्यांचं. तेवढेच शब्द मराठी. तिकडच्या लोकांना वाटतं तो नुसता सूर आहे, आपल्या गाई-गाईसारखा.

झुंबरबाई : आन ही गानारी कोन?

धनश्री : गाणारी कुणी वेगळी. गाणं केलंय डोमिंगोकाकांनी. पप्पांचे बोटीवरचे दोस्त, फिलिपिन्सचे. ते गाणी लिहितात, चाल लावतात, दुसऱ्यांकडून गाऊन घेऊन रेकॉर्ड काढतात. तिकडे फार मोठं नाव आहे त्यांचं.

झुंबरबाई : डोमिंग. ह्यो सुट्टीला आला की सांगायचा. एका ताटात भात खायचे, तेच का?

कल्याण : व्हय, तोच.

झुंबरबाई : मंग त्येच्या गान्यात माझं गानं कसं शिरलं?

कल्याण : तेच सांगायला आलोय की. आपल्या हॉटेलवर कामाला हाय त्या हर्षलला बसवलंय. तू नुसतंच परत लाव, परत लाव.

झुंबरबाई : आईकताना डोळा लागतोय रं. गोड केलंय त्येनं. सांग आता, मी कुटं चाललेय.

कल्याण : बोटीवर मी लाँड्रीत हुतो, ते तुला ठावं हाय. लाँड्री पार तळाला. वर पाव्हणे नाचायचे, आन आमाला खाली दिवस कंचा आन रात कंची ते कळायचं न्हाई. खिडकीच न्हाई. नुसती वाफ, आन मशिनी गदागदा हलायच्या. पांढऱ्या चादरी एकामागनं एक यायच्या. घड्या घालता घालता आपून कुठं हाय त्याचाच इसर पडायचा. मला वाटायचं, गावाकडंच हाय, धुक्यात उभा हाय. त्या तंद्रीत तोंडात गाणं यायचं.

धनश्री : आणि काका?

कल्याण : तो वर बँडमधी गिटार वाजवायचा. मोठा वाजवणारा दुसराच हुता, हा आपला मागं. काम सुटलं की खाली आमच्यापाशी यायचा. म्हणायचा, वर गोंधळ हाय, गाणं मला तुमच्या मशिनीजवळ सुचतं. कपड्यांच्या चिठ्ठ्यांच्या पाठीमागं लिहायचा. माझ्या उशीखाली ठेवायला द्यायचा, त्याच्या खोलीत कुणी हसंल म्हणून. एकदा लाईट गेली, सगळ्या मशिनी एकदम गप झाल्या, आन माझं गाणं चालूच. मला पत्ताच न्हाई. वळून बघतो तर हा दारात उभा. म्हणाला, परत म्हण.

झुंबरबाई : आन तू म्हनलास.

कल्याण : म्हणलो. मग त्यानं इचारलं, हे कशाचं गाणं हाय?

झुंबरबाई : काय सांगितलंस?

धनश्री : पप्पा, सांगा ना आता.

कल्याण : पाळणा हाय म्हणून सांगितलं. आमच्यात आया लेकरांना झोपवताना म्हणत्यात.

झुंबरबाई : पाळना?

कल्याण : व्हय.

झुंबरबाई : 'धर गं पाय, सोड गं पाय, फळी म्हनती जाय गं जाय.' ह्यो पाळना?

धनश्री : मग कशाचं आहे ते? मला पण पाळणाच वाटत होता.

झुंबरबाई : गाडी भरायचं हाय ते, बाळा. ऊस तोडायला जायचो ना आमी, राहात्याच्या अंगाला. पहाटं ट्रक लागायचा. ट्रकला लाकडाची फळी लावायची, येवढीशी रुंद. डोक्यावर उसाची मोळी घिऊन बायांनी तिच्यावरनं वर चढायचं. आदल्या दिवशी दिवसभर तोडून अंगाचं पार पीठ झालेलं, आन डोळ्यावर ही झोप. फळीवर डुलकी लागली की बाई मोळीसकट खाली. म्हनून पुढचीनं म्हनायचं, मागचीनं गानं पुढं वढायचं. झोप येऊ नये म्हनून म्हनायचं गानं हाय ते. आमच्या टोळीतल्या लंकाबाईनं आन मी जुळवलं. तुझ्या बापानं त्येचा पाळना केला.

धनश्री : जागं राहायचं गाणं. आणि तिकडे अख्खा देश ते ऐकून झोपतोय.

कल्याण : धनू, तू गप जरा.

झुंबरबाई : तिला कशाला गप करतोस? का सांगितलंस तसं?

कल्याण : बोटीवर सगळ्यांना सांगून बसलो हुतो, आमच्याकडं ऊस हाय म्हणून. आमच्या रानात.

झुंबरबाई : आपल्या रानात ऊस? प्यायला टँकरचं पानी.

कल्याण : त्यांना काय म्हाईत जामखेड? पण गाडी भरायचं गाणं हाय म्हणलो असतो, तर कळलं असतं ना, ऊसवाला न्हाई हा, तोडणारीचा पोरगा हाय.

झुंबरबाई : माझी लाज वाटली तुला.

कल्याण : वाटली. तवा वाटली. आता कशाला खोटं बोलू?

झुंबरबाई : वीस वर्सं लागली तुला येवढं बोलायला. त्या मोळ्यांवरच बारावी झाली तुझी. ...पुढं काय झालं त्येचं? डोमिंगचं?

कल्याण : बोट सोडून गेला मनिलाला. बहिणीचं शिवणाचं दुकान हुतं, त्याच्या मागल्या खोलीत राहिला. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून, आन तिथंच रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिली दोन-तीन वर्सं कुत्रं विचारत नव्हतं. मग हे गाणं आलं.

धनश्री : आजी, खाली लोकांनी काय काय लिहिलंय बघ. एक बाई कुवेतला दुसऱ्याचं घर सांभाळते. ती लिहिते, माझं लेकरू गावी माझ्या आईपाशी आहे, मी रोज फोनवर हे गाते, ते झोपलं की मग फोन ठेवते. अशा किती आहेत. नर्सेस आहेत, बोटीवरच्या आहेत.

झुंबरबाई : लेकरू एकीकडं आन आई एकीकडं.

धनश्री : हो.

झुंबरबाई : ते काय मला सांगाया नको.

कल्याण : त्यानंतर मोठमोठे गाणारे त्याच्या दारात यायला लागले. शंभर-दीडशे गाणी केली त्यानं. पण मला कायम म्हणायचा, कल्याण, मी तुझ्या आईच्या एका गाण्यावर जगलो. आन मी आपला 'हो हो' करायचो. आता म्हातारा झाला. एका कानानं ऐकूच येत न्हाई, दुसराबी चाललाय. शेवटची रेकॉर्ड करतोय. जे गाणं ज्याच्याकडनं आलं, ते त्याच्याच तोंडून. तुझा आवाज पाहिजे त्याला. कान हाय तवर ऐकायचाय म्हणतो.

धनश्री : साडेतीनला फोन करणार आहेत. कव्हरवर लिहायचा मजकूरसुद्धा पाठवलाय. 'भारतातल्या एका आईने लेकराला झोपवताना म्हटलेला पाळणा.' उद्या छापायला जाणार.

कल्याण : आई, दोनच ओळी म्हण. आन त्यानं इचारलं तर हो म्हण, पाळणा हाय. तुझ्या पाया पडतो. तो माणूस आख्खा ह्या गाण्यावर उभा हाय. मी फसवलं म्हणून आता सांगू त्याला, म्हातारपणी? दोस्त म्हणून मला जगात तेवढा एकच हाय.

झुंबरबाई : आन लंकाबाईला मी काय सांगू?

कल्याण : तिला कुठं कळतंय?

झुंबरबाई : मला कळतंय ना. तिचा पाय कसा मोडला म्हाईत हाय तुला? मी पुढं हुते. गाता गाता मला ठसका लागला. येवढंच, दोन पावलांपुरतं गानं थांबलं, आन मागं धपकन आवाज झाला. ती आजबी लंगडती, पर येका शब्दानं बोलली न्हाई मला. त्या गान्याला मी पाळना म्हनू?

धनश्री : पप्पा, आजीचं बरोबर आहे.

कल्याण : बरोबर हायच. मी कुठं न्हाई म्हणतोय? बरोबर हाय म्हणून तर हात जोडतोय.

धनश्री : फोन आला. उचलू? ...हॅलो, काका. यस, ऑल आर हिअर. आजी, ते तुला नानाय म्हणतायत. त्यांच्यात आईला म्हणतात.

झुंबरबाई : त्येला इच्यार, जेवला का.

धनश्री : हसले. म्हणाले, त्यांची आईसुद्धा फोन उचलला की पहिलं हेच विचारायची. जेवलेत. फिश आणि भात. तुझ्या गाण्याने त्यांना माणसात आणलं, म्हणतायत. तू म्हणशील का, विचारतायत.

झुंबरबाई : म्हनीन. पर आधी येक आईक म्हनावं. ह्यो पाळना न्हाई.

कल्याण : आई...

झुंबरबाई : सांग त्येला, धनू. ट्रक सांग, फळी सांग. लंकाबाईचं बी सांग. सगळं सांग.

धनश्री : ...सांगितलं.

झुंबरबाई : काय म्हनतोय?

धनश्री : 'कल्याण, हे खरं आहे का?' असं विचारतायत. पप्पांना फोन दे म्हणतायत.

कल्याण : दे इकडं. डोमिंग. मी कल्याण. यस. यस, डोमिंग, आय लाय. माय मदर कट शुगरकेन. नॉट अवर केन. अदर पीपल केन. आय वॉज अशेम्ड. सॉरी, माय ब्रदर... घे गं धनू. मला न्हाई पुढं बोलता येत.

झुंबरबाई : रडू नगंस. तोंड पूस.

धनश्री : ते म्हणतायत, कल्याणला सांग, चिठ्ठ्या उशीखाली ठेवणारा माणूस आहे तो, त्याच्यावर रागवता येत नाही मला. पण त्यांना तुला विचारायचंय, आजी. म्हणतायत, एवढ्या आयांनी माझं ऐकून लेकरांना हे गाऊन झोपवलं. मी त्यांना चुकीचं गाणं दिलं का?

झुंबरबाई : न्हाई म्हनावं. आजिबात न्हाई. त्येला सांग, ट्रकच्या बाजूला बाभळ आसायची, तिला माझ्या लुगड्याची झोळी. झोळीत ह्यो. आमी आमचं जागं राहायला गायचो. पर मी पाह्यलंय, गानं थांबलं की ह्यो रडायचा. परत सुरू झालं की झोपायचा. आवाज येतोय म्हंजी आई फळीवर हाय, पडली न्हाई, येवढं कळत आसंल त्येला. लेकरू झोपायचं तर कुनीतरी जागं लागतंच की.

कल्याण : हे मला कधी सांगितलं न्हाईस.

झुंबरबाई : तू कवा इच्यारलंस?

धनश्री : काका लिहून घेतायत. मला हळू बोल म्हणाले. कव्हरवरचा मजकूर बदलणार. तुम्हा दोघींची नावं टाकणार, तू आणि लंकाबाई. आणि तू सांगितलंस तेच छापणार, ट्रक आणि फळी. तुला चालेल का?

झुंबरबाई : लंकाबाईचं आधी घाला म्हनावं.

धनश्री : हो म्हणाले. चांगला कान फोनला लावलाय, म्हणतायत, आता म्हणा. मी रेकॉर्डिंग सुरू करते. पप्पा, पंखा बंद करा. आजी, बसल्या जागी म्हटलंस तरी चालेल, मोबाईल जवळ धरते मी.

झुंबरबाई : न्हाई. कल्यान, हात दे, मला उठव. हे बसून म्हनायचं गानं न्हाई.